मिनी ट्रॅक्टरला भोक न पाडता टूल बॉक्स कसा बसवायचा

२० ते ३० अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरला कंपनीचा जो टूल बॉक्स येतो, त्यात चार पाने आणि एक पक्कड गेली की झाकण लागत नाही. मग लिंच पिना (अवजार अडकवायच्या कडीच्या पिना) सीटखाली जातात, फवारणीच्या ब्लोअरच्या नोझलच्या चकत्या खिशात आणि ग्रीस गन फूटबोर्डवर. निफाड-दिंडोरीकडच्या किंवा तासगावच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टर दिवसभर ओळीत फिरतो. तिथे एका पिनेसाठी घरी परतणं म्हणजे टाकीतलं औषध तसंच पडून राहणं. म्हणून मोठा बॉक्स हवाच.

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. आधी बाजारातून बॉक्स आणतात, मग तो कुठे बसेल ते शोधतात, आणि कुठेच नीट बसेना की वेल्डरकडे जातात. आठवड्याभरात मडगार्डला चीर पडते, नाहीतर लिफ्ट वर घेताना अवजाराचा सांगाडा बॉक्सवर आदळतो. खरा क्रम असा: आधी जागा, मग त्या जागेत मिळणारं माप, मग वजन, त्यानंतर बॉक्स आणि शेवटी क्लॅम्प.

"भोक न पाडता" हे ट्रॅक्टरपुरतं. बॉक्सला आणि पट्ट्यांना भोकं पाडावीच लागतात, ती खुशाल पाडा.

ट्रॅक्टरला भोक कुठे नको

रोल बारला, म्हणजे सीटमागच्या लोखंडी कमानीला, अजिबात नाही, वेल्डिंगचा टाकासुद्धा नको. ट्रॅक्टर उलटला तर तो बार ठरावीक पद्धतीने वाकून चालकाला वाचवतो. भोक किंवा टाका पडला की नेमका तिथेच तो तुटतो. रोल बारला भोक, वेल्डिंग, कापणं किंवा सरळ करणं चालत नाही, बिघडला तर बदलायचा, असंच कंपन्यांची पुस्तकं सांगतात.

मडगार्डचा पत्रा पातळ असतो. भोकाच्या कडेने आधी गंज आणि मग चीर सुरू होते. मागच्या दिव्यांच्या वायरीही बऱ्याचदा मडगार्डच्या आतून गेलेल्या असतात, ड्रिलचा बिट सरळ त्यांच्यात घुसतो. फायबरचं मडगार्ड असेल तर प्रश्नच संपला. गिअर बॉक्स आणि मागच्या एक्सलचं बीड म्हणजे आत तेल. तिथे ड्रिल लावायचा विचारही नको. शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर तुम्ही पाडलेलं भोक पुढच्या प्रत्येक तक्रारीत वादाचा मुद्दा होतं.

## १. जागा ठरवा

भोक न पाडता बॉक्स धरतील अशा जागा तीनच. रोल बारचे दोन खांब, पुढचा बंपर किंवा वजनं अडकवायचा ब्रॅकेट, आणि मडगार्ड-फूटबोर्डचे मूळचे बोल्ट.

रोल बार असेल तर पहिली पसंती त्यालाच. खांब जाड असतात, दोन असतात, आणि बॉक्स दोन्हीवर आडवा बसवला की पीळ पडत नाही. रोल बार नसेल तर पुढचा बंपर. मडगार्डचे बोल्ट शेवटचा पर्याय, तोही छोट्या बॉक्ससाठी.

चुंबकवाले बॉक्स मिळतात, पण ते घेऊ नका. रोटाव्हेटरच्या हादऱ्याने चुंबक पत्र्यावरून सरकतो, आणि त्याच्याखाली अडकलेली माती रंग घासून काढते. प्लॅस्टिकचे टाय उन्हात वर्षभरात कडक होऊन तुटतात. पाण्याच्या पाइपाला लावतो तसल्या स्क्रूच्या क्लिपांवर प्रथमोपचाराची डबी राहील, टूल बॉक्स नाही.

सावध: रोल बार मधून दुमडणारा असेल तर बॉक्स बिजागरीच्या खालीच बसवायचा. बागेत मांडवाखाली जाताना वरचा भाग मागे पाडावा लागतो. बॉक्स वरच्या भागावर असेल तर तोही त्याच्याबरोबर मागे जातो आणि टॉप लिंकवर (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्यावर) आदळतो. बार पाडल्यावर वरचा भाग नेमका कुठे येऊन थांबतो ते बघा, ती जागाही मोकळी सोडा.

## २. पुठ्ठ्याचा बॉक्स बांधून बघा

हा टप्पा सगळे गाळतात आणि नंतरची निम्मी डोकेदुखी इथूनच येते. किराण्याच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, मनात असलेल्या मापाचा डबा चिकटपट्टीने करा आणि ठरवलेल्या जागी सुतळीने बांधा. सुरुवातीला ३५० मिमी लांब, २०० मिमी उंच, २०० मिमी खोल असं माप धरा. यात १४ लिटरची जागा मिळते, रोजच्या सामानाला ती पुरते.

मग ट्रॅक्टर सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा आणि या क्रमाने तपासा.

1. सीट पूर्ण मागे सरकवा. घरातला सर्वांत वजनदार माणूस बसवून सीट दाबली जाऊ द्या. पाठ आणि पुठ्ठा यांच्यात किमान ५० मिमी अंतर हवं.

2. रोजच्या वापरातलं सर्वांत उंच सांगाड्याचं अवजार जोडा, टॉप लिंक सर्वांत आखूड करा आणि लिफ्ट पूर्ण वर घ्या. टॉप लिंक आखूड असली की अवजाराचं वरचं टोक सर्वांत जास्त सीटकडे झुकतं. या स्थितीतही पुठ्ठ्यापासून १०० मिमी मोकळे राहिले पाहिजेत. नुसता कल्टिव्हेटर लावून बघणं पुरेसं नाही. ब्लोअर लिफ्टवरचा असेल तर त्याची टाकीही लावून बघा.

3. हायड्रॉलिकचे लिव्हर, पीटीओचा (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा) लिव्हर आणि डिफरन्शियल लॉकचं पेडल दोन्ही टोकांपर्यंत हलवा. हात पुठ्ठ्याला लागता कामा नये.

4. सीटमागे तेल भरायचं झाकण, तेलाची डिपस्टिक आणि हवेची नळी कुठे आहे ते शोधा. बॉक्स न काढता तिथवर हात गेला पाहिजे.

5. मागून दहा पावलं लांब उभं राहा. लाल दिवे, इंडिकेटर, नंबर प्लेट झाकली जातेय का बघा. ट्रॉली ओढायची तर हे जास्तच महत्त्वाचं.

6. डावीकडून चढा, उतरा. पँटचा पाय किंवा बूट अडकला तर जागा बदला.

7. बागेच्या एका ओळीतून हळू फिरवून आणा. बॉक्स टायरच्या बाहेरच्या कडेच्या आतच हवा. बाहेर आलेला प्रत्येक कोपरा वेलीची काडी किंवा तार ओढणार.

पुठ्ठा कुठे चेपला, कुठे घासला ते नीट बघा, तेवढं माप कमी करा. सीटमागे २०० मिमी खोली मिळत नसेल तर बॉक्स १२० मिमी खोल आणि ५०० मिमी लांब करा. लांब पाने आणि ग्रीस गन आडवी ठेवायला खरं तर हाच आकार बरा पडतो.

तपासा: सायलेन्सरचा पाइप किंवा त्याची गरम हवा बॉक्सकडे येत असेल तर किमान २०० मिमी लांब राहा. प्लॅस्टिकचा बॉक्स असेल तर ती बाजूच सोडा.

## ३. वजनाचा हिशोब

मिनी ट्रॅक्टरच्या तोलाला १५ किलोने काही होत नाही. होतं ते हादऱ्यामुळे. उभ्या गाडीत १५ किलो असलेलं सामान खडकाळ बांधावरून उडताना क्लॅम्पला त्याच्या तीन-चार पट जाणवतं. म्हणून बॉक्स, पट्ट्या, बोल्ट आणि आतलं सामान मिळून १५ किलोच्या आत ठेवा.

वरच्या मापाचा बॉक्स १८ गेजच्या म्हणजे सुमारे १.२ मिमी पत्र्याचा केला तर साधारण साडेतीन किलो भरतो. १६ गेजचा केला तर साडेचार. १८ गेज पुरतो. जाड पत्र्याचा बॉक्स "मजबूत" म्हणून फॅब्रिकेशनवाला गळ्यात मारेल, पण ते एक किलो तुमच्या पान्यांच्या वाट्यातून जातं. पट्ट्या, अँगल आणि बोल्ट मिळून आणखी चार किलो धरा. म्हणजे सामानाला सात-साडेसात किलो उरले. सामान पिशवीत भरून वजनकाट्यावर ठेवा, अंदाजावर जाऊ नका. अंदाज नेहमी कमीच निघतो.

## ४. सामान आणा

खालची मापं ५० × ५० मिमी चौकोनी खांबासाठी आहेत. तुमचा खांब व्हर्निअरने मोजा, टेपने मोजला तर दोन-तीन मिमीची चूक होते. रंगाच्या थरासकट मोजायचं.

- बॉक्सखाली आधाराला ३० × ३० × ३ मिमी अँगल, लांबी दोन्ही खांबांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर अधिक ८० मिमी
- वरच्या बाजूला ४० × ६ मिमी फ्लॅट पट्टी, तेवढ्याच लांबीची
- खांबाच्या पलीकडून धरायला ४० × ६ मिमी पट्टीचे ११० मिमीचे ४ तुकडे
- एम १० × ९० मिमी, ८.८ ग्रेडचे ८ बोल्ट, ८ नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले), १६ वायसर
- बॉक्ससाठी एम ८ × २५ मिमीचे ४ बोल्ट, ४ नायलॉक नट, ४ वायसर, आणि बॉक्सच्या आतून लावायला २५ × ३ मिमी पट्टी
- ३ मिमी जाड रबर शीट, नसेल तर ट्रॅक्टरची जुनी ट्यूब
- रेड ऑक्साईड आणि रंग

बोल्टची लांबी अशी निघते: पट्टी ६, रबर ३, खांब ५०, रबर ३, मागची पट्टी ६, दोन वायसर ४, नायलॉक नट १० आणि बाहेर डोकावणारे आटे ४. बेरीज ८६, म्हणून ९० चा बोल्ट. तुमचा खांब ६० मिमीचा असेल तर १०० चा घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं बघूनच घ्या. काही कोरलेलंच नसेल तर तो साधा नरम बोल्ट, आवळताना ताणला जातो आणि हादऱ्याने ढिला पडतो.

खांब गोल असेल तरच गोल यू बोल्ट. चौकोनी खांबाला गोल यू बोल्ट फक्त दोन कोपऱ्यांवर टेकतो, तिथला रंग चिरतो आणि महिन्याभरात बॉक्स खाली सरकतो. हार्डवेअरच्या दुकानात "तोच लावा, बसतो" असं सांगतील. बसतो, पण राहत नाही. गोल खांबाला यू बोल्ट लावताना मात्र बॉक्स खांबाभोवती फिरू नये म्हणून दोन्ही खांब पकडणं आवश्यकच.

## ५. पट्ट्या तयार करा

आधी सगळं कापायचं, मग भोकं, मग कडा घासायच्या, मग रंग, आणि रंग पूर्ण वाळल्यावरच बसवायचं. रंग ओला असताना आवळलं तर वायसरखालचा रंग नंतर दबतो आणि नट आपोआप सैल होतो.

भोकांचं अंतर. क्लॅम्पचे दोन बोल्ट खांबाच्या दोन बाजूंनी जातात. ५० चा खांब, दोन्हीकडे ४-४ मिमीची मोकळीक, अधिक बोल्टची १० मिमी जाडी, म्हणजे भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६८ मिमी. ११० मिमीच्या तुकड्यात दोन्ही टोकांना २१ मिमी उरतात. भोक ११ मिमीचं. भोक टोकाच्या अगदी जवळ घेतलं तर पट्टी तिथे वाकते.

लांब पट्टी आणि अँगलवरची भोकं टेपने मोजून पाडू नका. पट्टी खांबांवर धरा, खांबांच्या कडा स्क्रायबरने किंवा खडूने तिच्यावर आखा आणि त्या रेघेवरून भोकांची जागा काढा. दोन खांब तंतोतंत समांतर असतीलच असं नाही, वर-खाली अंतरात थोडा फरक निघतो. म्हणून वरच्या पट्टीची आखणी खालच्या अँगलवर उतरवायची नाही, दोन्ही वेगवेगळ्या आखा.

अँगलची दिशा. अँगलची उभी बाजू खांबाला टेकते, आडवी बाजू बॉक्सकडे येते आणि बॉक्स तिच्यावर बसतो. वजन अँगलवर, आणि वरच्या पट्टीचं काम फक्त बॉक्स पुढे कलू न देणं. अँगल उलटा लावला तर सगळं वजन चार छोट्या बोल्टांवर येतं आणि १.२ मिमीचा पत्रा भोकापाशी फाटतो. २०० मिमी उंच बॉक्सला अँगल आणि वरच्या पट्टीत साधारण १५० मिमी अंतर ठेवा.

बॉक्सची भोकं. मागच्या पत्र्याला ९ मिमीची चार, दोन खाली आणि दोन वर. आतल्या बाजूने २५ × ३ ची पट्टी टाका म्हणजे जोर पसरतो. बोल्ट आतून बाहेर घाला, डोकं आत, नट बाहेर. उलट घातला तर आटे आत येतात आणि हात घालताना बोटं सोलतात. तळाच्या दोन कोपऱ्यांना ६ मिमीची भोकं पाडायला विसरू नका. फवारणीचं आणि धुण्याचं पाणी कुठूनही आत जातंच, त्याला बाहेर पडायला वाट हवी.

झाकणाची बिजागरी बॉक्सच्या मागच्या, म्हणजे खांबाकडच्या बाजूला असेल तर ते पूर्ण उघडेल इतकी जागा मागे आहे का ते पुठ्ठ्यावरच बघून ठेवा. कडेला रबर बीडिंग आणि ओढून बसणारा लॅच लावा. नुसता कोयंडा हादऱ्याने वाजत राहतो.

तपासा: रंग देण्यापूर्वी सगळं एकदा कोरडं, हाताने नट लावून जोडून बघा. एक जरी बोल्ट ठोकून घालावा लागला तर ते भोक गोल कानशीने मोठं करा.

## ६. बसवणं आणि आवळणं

दोन माणसं लागतात. एकट्याने केलं तर पट्टी हमखास तिरकी बसते.

1. खांबाचा तेवढा भाग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. ग्रीसचा पातळ थर राहिला तरी रबर घसरतं.

2. रबराचे तुकडे खांबाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला ठेवा, पट्टीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे ५ मिमी जास्त. ट्यूब वापरत असाल तर एकच थर. तीन-चार थर घातले की ते दबत राहतात आणि बोल्ट कधीच घट्ट होत नाही.

3. आधी खालचा अँगल, चारही बोल्ट हाताने फिरतील तेवढेच. पाणसळ लावून आडवा करा. ट्रॅक्टर तिरका उभा असेल तर पाणसळ काही कामाची नाही, रोल बारच्या वरच्या आडव्या नळीपासून दोन्हीकडे सारखं माप घ्या.

4. वरची पट्टी तशीच, हाताने.

5. रिकामा बॉक्स अँगलवर ठेवा आणि चार एम ८ बोल्ट घाला. आता सगळंच सैल आहे, त्यामुळे बॉक्स आपली जागा घेतो. आधी पट्ट्या पक्क्या आवळून मग बॉक्स बसवायला गेलात तर शेवटचं भोक जुळत नाही.

6. पक्कं आवळताना आधी बॉक्सचे चार, मग खालच्या क्लॅम्पचे, मग वरचे. एका क्लॅम्पचे दोन बोल्ट आळीपाळीने, प्रत्येकी पाव फेरा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर मागचा तुकडा तिरका होतो आणि रबर एका बाजूने बाहेर येतं.

जोर किती? एम १० बोल्टला १७ चा पाना लागतो, काही ठिकाणी १६ चा. साध्या पान्यावर एका हाताचा भरपूर जोर पुरे. टॉर्क पाना असेल तर ३० ते ३५ न्यूटन मीटर. रबर पट्टीच्या कडेला किंचित फुगलं की थांबा. पान्याला पाइप लावून आवळू नका. ८.८ चा बोल्ट सहजी तुटत नाही, पण रबर चिरतं आणि ६ मिमीची पट्टी दोन बोल्टांच्या मध्ये कमानीसारखी वाकते.

7. नायलॉक नटच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. आटे आतच राहिले तर नायलॉनने बोल्ट पकडलेलाच नाही.

8. प्रत्येक नट आणि पट्टीवरून एक सरळ रेघ पांढऱ्या रंगाने ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता कळतं.

सावध: एकदा काढलेला नायलॉक नट पुन्हा वापरू नका. त्यातलं नायलॉन झिजलेलं असतं.

सीट बेल्टची पट्टी किंवा तिचा बोल्ट क्लॅम्पखाली दाबला जातोय का, हे शेवटी एकदा बघा. रोल बार ज्या बोल्टांनी एक्सलला धरलेला असतो ते बोल्ट तर कुठल्याही कारणाने उघडायचे नाहीत, "तिथेच एक ब्रॅकेट अडकवू" हा सल्ला मिळाला तरी.

## ७. रोल बार नसेल तर पुढचा बंपर

पद्धत तीच, पट्टी-रबर-पट्टी. बंपरला वजनं अडकवायची तयार भोकं असतील तर काम अजून सोपं, त्यातूनच बोल्ट घाला. मागे जड अवजार असताना पुढची चाकं हलकी होतात, त्यामुळे पुढचं वजन उपयोगीच पडतं. अडचणी वेगळ्या आहेत.

रेडिएटरच्या जाळीसमोर बॉक्स आला की इंजिन तापतं. मे महिन्यात रोटाव्हेटर चालवताना हे लगेच कळेल, तोपर्यंत थांबू नका. बॉक्सची वरची कड जाळीच्या खालच्या कडेच्या वर जाऊ देऊ नका. बोनेट पुढे उघडणारं असेल तर पुठ्ठा बांधून पूर्ण उघडून बघा, नाहीतर रोज हवेचा फिल्टर झाडताना बॉक्स काढावा लागेल.

पुढचा एक्सल मध्यावर डुलतो. स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवा आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं चाक विटेवर किंवा बांधावर चढवा, या स्थितीत टायर बॉक्सच्या सर्वांत जवळ येतो. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. टायरच्या गट्टूंना चिकटलेल्या काळ्या मातीची जाडी धरून ५० मिमी तरी मोकळे हवेत. चारही चाकांवर चालणाऱ्या (फोर व्हील ड्राइव्ह) ट्रॅक्टरला पुढचे टायर मोठे असतात, तिथे ही तपासणी टाळून चालणारच नाही.

## ८. मूळच्या बोल्टवर ब्रॅकेट

मडगार्डचा आधार, फूटबोर्ड किंवा दिव्याचा ब्रॅकेट, म्हणजे जे बोल्ट फक्त पत्रा धरतात तेवढेच वापरायचे. बीडाचे दोन भाग जोडणारा, एक्सल, ब्रेक, स्टिअरिंग किंवा लिफ्टचा बोल्ट नाही. या जागेवर बॉक्स आणि सामान मिळून पाच किलोच्या वर जाऊ नका.

एका वेळी एकच बोल्ट काढा. जुना बोल्ट घेऊनच दुकानात जा आणि नवा त्याच जाडीचा, त्याच आट्यांचा, त्याच ग्रेडचा घ्या, फक्त ब्रॅकेटच्या जाडीइतका जास्त लांब. एम १० बोल्ट १.५ आणि १.२५ अशा दोन पिचमध्ये येतो. चुकीचा घातला तर दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर केला की बीडातले आटे जातात. त्याचा खर्च बॉक्सच्या कितीतरी पट होईल.

भोक आरपार आहे की बंद, हे काडी घालून मोजा. बंद भोकात जास्त लांब बोल्ट तळाला टेकतो. पान्याला घट्ट लागतं, पण ब्रॅकेट सैलच राहतो. आणि बोल्ट काढल्यावर भोकातून तेल झिरपलं तर तो आपला बोल्ट नव्हे. आटे साफ करून, थ्रेड सीलंट लावून तोच परत बसवा आणि दुसरी जागा शोधा.

मडगार्डच्या आतून बाहेर येणारं बोल्टचं टोक टायरकडे असतं. दोन चाकांमधलं अंतर कमी करून चाकं आत घेतली असतील तर हे टोक टायरला घासू शकतं. डोकं टायरकडे आणि नट बाहेर ठेवता आला तर उत्तम.

## ९. पहिले काही तास

रबर दबतं, त्यामुळे पहिल्यांदा कितीही नीट आवळलं तरी बोल्ट थोडे सैल होणारच. पहिल्या तासाभराच्या कामानंतर सगळे बोल्ट आवळा, साधारण पाव ते अर्धा फेरा जातो. दहा तासांनी पुन्हा, आणि मग रेघा नव्याने ओढा. नंतर दर वेळी ग्रीसिंग करताना रेघांवर नजर टाकली तरी चालेल.

पहिली चाचणी रिकाम्या बॉक्सने, दुसरी सामान भरून. ट्रॅक्टर हळूहळू पूर्ण रेसवर न्या आणि पीटीओ सुरू करा. एखाद्या ठरावीक रेसला बॉक्स जोरात थरथरू लागला तर पट्टी लवचीक पडतेय. बोल्ट जास्त आवळून ते थांबत नाही. वरची पट्टी फ्लॅटऐवजी अँगलची केली, किंवा बॉक्स खांबाच्या जवळ घेतला, की थांबतं. मधे दोन इंच ठोकळे घालून बॉक्स पुढे आणला असेल तर ते ठोकळेच दोषी.

खडखडाट येत असेल तर आधी बॉक्सच्या आत बघा. दहापैकी बहुतेक वेळा तो सुट्या पान्यांचाच असतो. तळाला जुन्या मॅटचा तुकडा टाका आणि पाने कापडाच्या गुंडाळीत ठेवा.

रोटाव्हेटर बदलला, टाकी मोठी घेतली किंवा टॉप लिंकचं भोक बदललं, की लिफ्ट हळूहळू वर घेऊन अंतर पुन्हा बघायचं. बॉक्स पहिल्या अवजाराला जुळला म्हणून दुसऱ्याला जुळेल असं नाही.

## आत काय ठेवायचं

लिंच पिना आणि टॉप लिंकची पिन प्रत्येकी एक-दोन जादा, १०-११ ते २२-२४ पर्यंतचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, फ्यूज, फॅन बेल्ट, बाइंडिंग तार, इन्सुलेशन टेप, पाइपाच्या क्लिपा, नोझलच्या चकत्या आणि फिल्टर, हातमोजे. ग्रीस गन ठेवायची तर तोंडाला पिशवी बांधून.

डिझेलची बाटली नको, झाकणातून झिरपून सगळं तेलकट होतं आणि गरम भागाजवळ धोका वेगळाच. औषधाचा डबा, अर्धवट वापरलेली पुडीसुद्धा, या बॉक्समध्ये कधीच नको. त्याच बॉक्समध्ये हात घालून माणूस पुढे तंबाखू मळतो किंवा भाकरी खातो. हातोडी न्यायचीच असेल तर तिचं वजन आधी सात किलोत धरा.

गाडी विकताना किंवा सर्व्हिसिंगला देताना बॉक्स काढायचा झाला तर १२ नट सोडायचे, रबर सोलायचं, खांब पुसायचा. रबराखालचा रंग थोडा फिका दिसेल, गंज दिसता कामा नये. दिसला तर पुन्हा बसवण्यापूर्वी तिथे रेड ऑक्साईडचा हात मारा, आणि नट नवे घ्या.